आपल्यासारख्या माणसांशीच पटकन का जमतं?

मेन म्हणजे समजावत बसावं लागत नाही. पुण्यातल्या ऑफिसात कोणी ‘तू बी सोलापूरचा का बे’ म्हटलं की अर्धी ओळख तिथंच होते, पण ही नुसती सुरुवात, कारण 1950च्या दशकात मिशिगन विद्यापीठात न्यूकम या मानसशास्त्रज्ञाने अनोळखी विद्यार्थी एका घरात फुकट ठेवले होते (बदल्यात प्रश्नावल्या भरायच्या, वाईट सौदा नाही) तर आधी रूममेटांची गट्टी जमली आणि पुढे मात्र ज्यांची मतं मुळातच जुळत होती ते जवळ आले.

तोटा पण आहे हं. सगळेच सारखे असले की ग्रुपवर तेच तेच फॉरवर्ड फिरतात. ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवलं होतं की नोकरीची खबर बरेचदा जिगरी दोस्ताकडून नाही, तोंडओळखीच्या माणसाकडून येते.