झाडपाल्याचंच तेल ना ते?

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. नऊ वर्षांपूर्वी हृदयात धातूची झडप बसवली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी वॉरफरीनची गोळी चालू आहे. दोन्ही गुडघे धरलेत, कलमांच्या बागेतली चढण आता चढवत नाही. धाकट्या भाऊजींनी मुंबईहून ऑनलाइन मागवून ‘विजया’चं तेल पाठवलंय, म्हणजे भांगेचंच. विकणाऱ्यांच्या डॉक्टरांनी फोनवर दोन मिनिटं बोलून चिठ्ठी दिली, दुसरी औषधं कोणती हे विचारलंच नाही. पाच दिवस झाले. झोप छान लागते म्हणतात, पण सकाळी पडवीत तोल जातो. हे कायद्यात बसतं का? गुडघ्यांना खरंच उपयोग होतो का?
— एक सून, देवगड तालुका

उत्तर : ताई, कायद्याचं नंतर बघू. तेल आजच बंद करा. वॉरफरीन मात्र बंद करायची नाही, आहे तशीच द्यायची. उद्या सकाळी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, तपासून घ्या आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरांना आकडा नि तेलाची हकिगत, दोन्ही सांगा. तेल थांबल्यावर आकडा पुन्हा हलू शकतो, म्हणून ते सांगतील तेव्हा परत तपासा. मधल्या काळात काळी शौचास झाली, हिरड्यांतून रक्त आलं किंवा पडून डोक्याला मार लागला, तर तपासणीची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

एवढी घाई का, ते सांगतो. वॉरफरीन शरीरातून काढून टाकायचं काम यकृतातली काही विकरं (एन्झाइम) करतात. भांगेतलं कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी, त्याच विकरांना अडवतं. मोरीच्या तोंडाशी पाला अडकला की न्हाणीत पाणी साचतं ना, तसं वॉरफरीन रक्तात साचतं. धातूची झडप असलेल्या अशाच एका रुग्णाची नोंद २०१८ साली प्रसिद्ध झाली. अपस्मारासाठी सीबीडी सुरू केल्यावर त्याची वॉरफरीन जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी करावी लागली होती. तिथे डॉक्टर दर थोड्या दिवसांनी रक्त तपासत होते. तुमच्याकडे कोण तपासतंय? त्यात तोल जातोय. रक्त पातळ झालेल्या म्हाताऱ्या माणसाचं पडणं मला सगळ्यात नको असतं.

माझ्या दवाखान्यातले एक आजोबा असल्या वेळी हटकून म्हणतात, “डॉक्टरानू, झाडपाल्याचाच तेल ता, तेना काय होतला?” त्यांना मी वॉरफरीनचीच कुळकथा ऐकवतो. १९२०च्या दशकात अमेरिका-कॅनडात गुरं रक्तस्राव होऊन मरायला लागली. कारण निघालं बुरशी आलेलं गोड क्लोव्हरचं वाळलं गवत. त्यातलं द्रव्य शोधता शोधता पुढे ही गोळी आली. तिचं मूळ पण गवतातलंच, म्हणजे तुमच्या घरात आता एका पाल्यावर दुसरा पाला चढलाय.

आता उपयोगाचं. भांग-गांजात औषध नाहीच, असं मी म्हणणार नाही. कलकत्त्यात ओ’शॉनेसी या डॉक्टरने १८३९ सालीच धनुर्वात, संधिवात आणि झटके येणाऱ्या बाळावर तिचा अर्क वापरून टिपणं लिहिली होती. पण सगळ्यात पक्का पुरावा जमला तो अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांत. २०१७ साली त्यातल्याच एका, ड्राव्हे सिंड्रोमच्या १२० मुला-तरुणांवर चाचणी झाली. सीबीडी घेणाऱ्या गटात महिन्याचे मोठे झटके साधारण १२वरून ६वर आले, नुसतं बिनऔषधी द्रावण घेणाऱ्यांत १५वरून १४वर. पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्या औषधाला मान्यता मिळाली. मात्रा वजनावर मोजलेली, यकृताच्या तपासण्या ठरलेल्या.

दुखण्याचं मात्र इतकं सरळ नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०१७च्या अहवालात जुनाट वेदनेसाठी भांग-गांजाचा भरीव पुरावा आहे म्हटलं. २०१९मध्ये कोणते उपचार द्यावेत याचा सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने, चाचणीबाहेर जुनाट वेदनेसाठी सीबीडी देऊ नका, असं सांगितलं. २०२१ साली वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही सरसकट वापराला पाठिंबा नाकारला. चाचण्या लहान, थोड्या आठवड्यांच्या, आणि नुसतं साधं तेल घेतलेल्यांनाही ठळक आराम वाटतो. मला विचाराल तर, गुडघ्यांच्या झिजेसाठी एवढ्यावर मी कुणाला हे तेल देणार नाही. सासऱ्यांना झोप लागते हे खरं असेल, पण झोप म्हणजे गुडघा नव्हे.

कायदा : १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ. नुसती पानं त्या व्याख्येबाहेर राहतात, म्हणून पानांचं औषध आयुर्वेदिक परवान्यावर विकता येतं. पण आयुर्वेदिक औषधांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, अनुसूची ‘ई-१’मध्ये, भांग आहेच, आणि अशा औषधाच्या बाटलीवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली’ असं छापावं लागतं. दोन मिनिटांचा फोन म्हणजे देखरेख का, ते भाऊजींना विचारा. लेबलावरच्या मिलीग्रॅमवरही फार विसंबू नका. अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, तर लेबलाप्रमाणे माल जेमतेम ३१ टक्क्यांत निघाला.

गुडघ्यांसाठी दुकानातली दुखण्याची गोळी परस्पर आणू नका. वॉरफरीनबरोबर त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉलसुद्धा रोज घ्यायची तर डॉक्टरांना सांगूनच. पाटावर बसणं सोडवा, जेवण टेबलावर. संडासात उंच बैठक आणि धरायला दांडा बसवा. बाकावर बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. सकाळ-संध्याकाळ, मांडीचा स्नायू भरेपर्यंत. बागेत जाताना दुखऱ्या पायाच्या उलट हातात काठी द्या. दोन्ही सारखेच दुखत असतील तर ज्या हाती बरी वाटेल त्या. काठीला ते नाही म्हणतील. कलमांना पाणी घालायला जाताना घ्या म्हणावं, तेवढ्यापुरती.