काजूच्या हंगामातला माकडताप

अनेक आशीर्वाद.

दोडामार्गाकडची काजूबाग यंदा तू खंडाने घेतल्याचं कळलं. बीचा दर आणि फवारणी यांवर सल्ला द्यायला पुष्कळ जण भेटतील. माझा जन्म आरोग्य खात्यात गेला, तेव्हा मी माकडतापाबद्दल लिहितो.

सिंधुदुर्गात हा ताप पहिल्यांदा २०१६ साली केर गावात सापडला. त्याच्या आदल्या वर्षी गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या पालीला, काजूच्या मजुरांनाच झाला होता. विषाणू मात्र जुना. शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं आणि माणसं मरू लागली, तेव्हा १९५७ मध्ये पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तो शोधला. तो पसरवते गोचीड, आणि तिचा जोर डिसेंबर ते मे. म्हणजे तुझा हंगाम तोच तिचा.

बायका बी कशी काढतात ते एकदा उभं राहून बघ. काजू वेचून ढीग घालतात आणि झाडाखालच्या पातेऱ्यातच, वाळल्या पानांत, फतकल मारून बोंडवाची बी पिळून वेगळी करतात. चावते ती अर्धी वाढलेली, तिळाएवढी गोचीड, आणि ती असते त्या पातेऱ्यात. तेव्हा मांगरासमोरचं, बागेतल्या खोपीपुढचं, अंगण झाडून घे, बी तिथेच काढायची असं ठरव. एवढ्याने निम्मं काम होईल असं माझं मत. गोचीड दूर ठेवणारं डीएमपी तेल आरोग्य केंद्रात माग. घामाने ते उतरतं, दुपारी पुन्हा लावायला लाव. अंगभर कपडे हवेतच. काम थोडं आधी थांबव, गरम पाण्याने आंघोळ करायला सांग, आणि तो वेळ रोजात धर. लशीच्या भरवशावर राहू नकोस. जुनी लस पुरी पडेना म्हणून बंद झाली.

माकड मेलेलं दिसलं तर त्या बाजूचं काम लगेच थांबव आणि आरोग्य केंद्राला कळव. त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात.

आता पैशाचं. या आजारात अचानक जोराचा ताप येतो, डोकं आणि अंग ठणकतं, काहींच्या हिरड्यांतून रक्त येतं. पण हजेरी बुडेल म्हणून मजूर दोन गोळ्या खाऊन बागेत येतो, आणि तू त्याला बघतोस तेव्हा उशीर झालेला असतो. यावर नेमकं औषध नाही. वेळेवर दवाखाना गाठला तर बहुतेक जण वाचतात. म्हणून तापाच्या दिवसांचं रोज द्यायचं, आणि हे हंगामाच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलायचं. परवडत नाही म्हणशील. गडी मध्येच सोडून गेले तर पडलेली बी वेचणार कोण, तो हिशेबही मांड. आणि हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही, तेव्हा आजाऱ्याला कुणी वाळीत टाकू देऊ नकोस. बरा वाटून आठ-पंधरा दिवसांनी काहींना पुन्हा ताप येतो, मान आखडते, हात थरथरतात. कामावर परतलेल्यावरही नजर ठेव.

राखणीला ठेवलेल्या नेपाळी गड्यालाही यादीत घे. तो रात्रंदिवस बागेतच असतो, आणि तेल वाटताना हमखास त्याचंच नाव राहतं.