बिघाड की बेत?

'वेल्वेट अंडरग्राउंड' या न्यू यॉर्कच्या बँडबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. बहुतेकांची शंका एकच: दोष रेकॉर्डचा, की आमच्या यंत्राचा?

प्रश्न : 'व्हाइट लाइट/व्हाइट हीट' या रेकॉर्डमधल्या 'द गिफ्ट' या गाण्यात एका कानात नुसता माणूस बोलतो, दुसऱ्यात नुसती वाद्यं. वायर तुटली असेल का?

उत्तर : वायर शाबूत आहे. स्टिरिओ आवृत्तीत बँडचा गायक-गिटारवादक लू रीड याने लिहिलेली गोष्ट त्याचा साथीदार जॉन केल डावीकडे वाचतो आणि बँड उजवीकडे वाजतो. बॅलन्सचं बटण डावीकडे फिरवलंत तर निव्वळ कथावाचन, उजवीकडे फिरवलंत तर निव्वळ वादन. एकच इअरफोन लावणाऱ्याच्या वाट्याला मात्र अर्धंच गाणं येतं.

प्रश्न : त्याच रेकॉर्डवरचं 'सिस्टर रे' फार फाटतं. सुई बदलू?

उत्तर : इथे दोन प्रकारचं फाटणं एकाच जागी येतं, म्हणून घोळ होतो. पहिलं मूळ ध्वनिमुद्रणातलं. सतरा मिनिटांहून मोठं हे गाणं एका दमात वाजवलेलं आहे. बास गिटार नाहीच, केलचा ऑर्गन ॲम्प्लिफायरमधून फाडून काढलेला, आणि सगळे इतक्या जोरात वाजवत होते की एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरला. त्याला इलाज नाही, आणि नसलेलाच बरा.

दुसरं फाटणं रेकॉर्डच्या आकाराचं. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीला बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर सरकते. आत लेबलजवळ जेमतेम २१. तेवढेच स्वर कमी लांबीत कोंबले जातात आणि सुईला वळणं झेपत नाहीत. 'सिस्टर रे' नेमकं बाजूच्या शेवटी आहे. तेव्हा आधी तेच गाणं डिजिटल प्रतीवर ऐका. तिथेही तसंच फाटत असेल तर सुईला बोल लावू नका. इतर रेकॉर्डींच्या शेवटच्या गाण्यांतही 'स' आणि 'श' चरचरत असतील, तर कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या डबीचा, कोन आणि सुईचा खाचेवरचा भार तपासा. रेकॉर्ड जपायची म्हणून भार कमी करणारे पुष्कळ असतात. त्याने उलट सुई खाचेत उड्या मारते आणि झीज वाढते. उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे ठेवा.

प्रश्न : 'ऑल टुमॉरोज पार्टीज'मधला गिटारचा घुमारा माझ्या गिटारवर येत नाही. तारा कशा जुळवायच्या?

उत्तर : सगळ्या तारा एकाच स्वरात, फक्त सप्तकं वेगळी. 'डी' धरून चला. सहावी तार 'ई'वरून दोन अर्धस्वर खाली, चौथी आहे तशीच, पहिली दोन अर्धस्वर खाली. गडबड मधल्या तारांची. पाचवी 'ए'ची तार पाच अर्धस्वर वर ओढलीत तर बहुधा तुटेल आणि तिसरी 'जी'ची पाच अर्धस्वर खाली आणलीत तर लोंबून पडद्यांवर खणखणेल. म्हणून पाचव्या आणि तिसऱ्या जागी चौथीच्या जाडीची तार लावा, दुसऱ्या जागी पहिलीची.

जुळवताना ट्यूनरचं फार ऐकू नका. जोडीतल्या दोन तारा २९३ आणि २९४ हर्ट्झवर असतील तर आवाज सेकंदाला एकदा उसळतो. तंबोरा जुळवणाऱ्याला हा कंप काढून टाकायचा असतो. इथे थोडा राहू द्यायचा. शिवाय त्या गाण्यातलं पियानोचं धातूसारखं ठणकणं गिटारमधून शोधू नका. केलने पियानोच्या तारांत कागदाच्या क्लिपा अडकवल्या होत्या.

व्हायोलाचा (व्हायोलिनचं थोडं मोठं भावंड) प्रयोग मात्र चांगल्या वाद्यावर नको. केलने तारा उचलून धरणारी घोडी सपाट करून, म्हणजे एका गजाखाली अधिक तारा एकदम वाजतील अशी करून, वर गिटारच्या तारा चढवल्या होत्या. स्टीलचा तो ताण नाजूक तबलीला पेलेलच असं नाही.

प्रश्न : 'हेरॉइन'मध्ये ड्रम मध्येच गायब होतो. संपादनातली चूक?

उत्तर : संपादन नव्हे. बँडची ड्रमवादक मो टकर उभ्याने वाजवायची, बास ड्रम आडवा टाकून, बहुतेकदा मऊ डोक्याच्या काठ्यांनी. गाण्यात दोनच कॉर्ड; लय चढते, उतरते, पुन्हा चढते. पाच मिनिटांनंतर गोंगाटात तिला इतरांचं काही ऐकूच येईना, म्हणून ती थांबली. बाकीचे वाजवतच राहिले. हा भाग हेडफोनवर ऐका: आधार निघून गेल्यावर व्हायोलाची किंकाळी एकदम पुढे येते. चूकच ती, पण ठेवली हे शहाणपण.

प्रश्न : १९६९ चा तिसरा अल्बम मित्राकडे वेगळाच वाजतो.

उत्तर : त्याची मिश्रणं, म्हणजे गायन-वादनाचे आवाज एकत्र जुळवलेल्या आवृत्त्या, दोन आहेत. एक लू रीडचं, गाणाऱ्याला अगदी कानाशी आणणारं, 'क्लोझेट मिक्स' नावाने ओळखलं जाणारं. दुसरं ध्वनितंत्रज्ञ व्हॅल व्हॅलेंटिनचं, जास्त मोकळं. ओळखायला 'सम काइंडा लव्ह' लावा, त्यात गायनच वेगळं आहे. आम्ही रीडच्या बाजूने. केल जाऊन डग यूल आल्यावर बँडने आवाज खाली आणला होता, त्याला ही जवळीक शोभते.

प्रश्न : १९६७ च्या पहिल्या रेकॉर्डवरचं केळं सोलू का?

उत्तर : सुरुवातीच्या प्रतींवर चित्रकार ॲण्डी वॉरहॉलचं केळं खरोखरच सोलायचं स्टिकर होतं, आत गुलाबी गर. पण इतक्या वर्षांत गोंद कडक होतो आणि सालीबरोबर पुठ्ठ्याचा थर निघतो. उष्णता देऊन सोडवायला गेलात तर पुठ्ठा वाकतो, आणि आत रेकॉर्ड असेल तर तीही. राहू द्या.