फ्रिजच्या कॉम्प्रेसरने संगणकाचा प्रोसेसर थंड करता येईल का?

जुन्या १६५ लिटरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढून त्यावर गेमिंग संगणकाचा प्रोसेसर थंड करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. करता येतो, पण तुम्हाला धास्ती आहे ती पुरेसा गारवा मिळेल का याची, आणि खरे तर ती यातली सर्वांत किरकोळ अडचण आहे. मी कोल्हापुरात उद्यमनगरात फ्रिज आणि दूध संस्थांचे बल्क कूलर दुरुस्त करतो; भाच्याच्या हट्टापायी हा उद्योग एकदा करून पाहिला आहे.

तत्त्व फ्रिजचेच आहे. कॅपिलरीतून, म्हणजे फ्रिजमधल्या केसासारख्या बारीक नळीतून, आलेला द्रव प्रोसेसरवर बसवलेल्या पोकळ तांब्याच्या ठोकळ्यात उकळतो आणि उकळताना उष्णता ओढून घेतो. आर-१३४ए हा फ्रिजमध्ये भरायचा गॅस वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांच्या आसपास उकळतो, त्यामुळे प्रोसेसर शून्याखाली नेणे अवघड नाही. क्रायोटेक या अमेरिकन कंपनीने २००० साली याच पद्धतीने एएमडीचा अ‍ॅथलॉन १ गिगाहर्ट्झवर चालवलेले संगणक विकायला आणले होते.

घोटाळा होतो तो भारात, म्हणजे ओढायच्या उष्णतेत. फ्रिजमधल्या भाजीचा भार संथ असतो. प्रोसेसर मात्र क्षणात २०-३० वॅटवरून दोनशेच्या पुढे जातो, आणि इंटेलच्या आय-९ १४९००केची कमाल मर्यादा तर २५३ वॅट आहे. छोट्या फ्रिजचा कॉम्प्रेसर एवढी उष्णता अखंड ओढण्यासाठी बनवलेलाच नसतो. त्याची मोटर परत येणाऱ्या गार गॅसवरच थंड राहते, म्हणून भार वाढला की गॅस गरम येतो आणि मोटरचे वाइंडिंग (तारांचे वेटोळे) तापते. उलट भार एकदम उतरला की न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरून व्हॉल्व्ह तोडू शकतो, कारण कॅपिलरीला भाराप्रमाणे द्रव कमी-जास्त सोडता येत नाही.

आणि मग पाणी. जुलैत आपल्याकडे हवा २६ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २४ अंशांवर येतो. त्याहून गार असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी धरणारच. ठोकळ्याभोवती आम्ही फोम गुंडाळला होता, परंतु गारवा मदरबोर्डातल्या तांब्याच्या पट्ट्यांतून त्याच्या मागच्या बाजूला पोहोचतो हे ध्यानात घेतले नाही. मागच्या फोमचा एक कोपरा सुटला होता. तासाभरात तिथे हरभऱ्याएवढा थेंब लोंबला आणि बोर्ड गेला. भाचा चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

रोज वापरायचा संगणक असेल तर हीट पाइपचा चांगला टॉवर कूलर घ्यावा, असे मी सांगेन. त्याच्या तांब्याच्या नळ्यांत कमी दाबाखाली थोडेसे पाणी असते, ते प्रोसेसरपाशी उकळते आणि पंख्याकडच्या टोकाला पुन्हा द्रव होते. म्हणजे तुम्हाला हवी असलेली युक्ती तिथे आहेच, फक्त कॉम्प्रेसर नाही आणि तापमान खोलीच्या खाली जात नसल्यामुळे दवही धरत नाही.

तरीही प्रयोगच करायचा असेल, तर आधी कॉम्प्रेसरवरचे लेबल वाचा. त्यावर आर-६००ए लिहिले असेल तर आतला गॅस ज्वलनशील आहे; तो जाणकाराकडून मोकळ्या जागेत पूर्ण काढून घेतल्याशिवाय कॉम्प्रेसरच्या नळीला वेल्डिंगचा टॉर्च लावू नका.