मुलीच्या बीपीसाठी एक किडनी काढायला सांगितलीय, काढावी का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सहा वर्षांच्या मुलीचा बीपी १६०/११० येतोय, सोनोग्राफीत डावी किडनी लहान दिसली, डॉक्टर ती काढू म्हणतात. आणि विचारलंय की नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही का. मी डॉक्टर नाही, तासगावजवळ माझी द्राक्षबाग आहे. पण चार वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन मी मिरजेत दवाखान्याच्या जिन्यावर बसलो होतो, म्हणून लिहितोय.

आमचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. चार महिने डोकं दुखतंय म्हणायचा. चष्मा लागला असेल म्हणून डोळे तपासले, आईनं दृष्ट काढली, दोन दवाखाने झाले. कुणीच बीपी मोजला नाही. एवढ्याशा पोराला कुठला आलाय बीपी, असं मलाही वाटायचं. खरड छाटणीच्या दिवसांत एका रात्री त्याला फिट आली. मिरजेला नेलं, तिथं लहान मुलांचा पट्टा बांधून मोजला तर १८०/१२०.

तिथल्या डॉक्टरांनी मला समजावलं ते माझ्याच भाषेत सांगतो. ड्रिपच्या एका लाईनला पाणी पोचेना, म्हणून तिच्यासाठी आख्ख्या मोटरचं प्रेशर वाढवलं, तर बाकीच्या लाईनी फुटायची वेळ येते. खराब झालेल्या किडनीला वाटतं रक्त कमी येतंय. मग ती रेनिन नावाचं बीपी वाढवणारं द्रव्य रक्तात सोडत राहते आणि सगळ्या अंगाचा बीपी चढतो. माझ्या मुलाला तान्हा असताना वरचेवर ताप यायचा. तो लघवीच्या जंतुसंसर्गाचा होता, लघवी उलटी किडनीकडं चढत होती आणि डावीवर व्रण पडत गेले, हे आम्हाला तेव्हा कळलं.

आता तुमचा प्रश्न. सोनोग्राफीत किडनी लहान दिसली एवढ्यावर होकार देऊ नका आणि नकारही देऊ नका. डीएमएसए स्कॅन झालाय का ते विचारा. शिरेतून औषध देतात, दोनतीन तासांनी फोटो काढतात आणि कुठली किडनी किती टक्के काम करते ते कळतं. दोन्ही निरोगी असल्या की साधारण निम्मं-निम्मं येतं. आमच्या मुलाची डावी ६ टक्के आली. काम १० टक्क्यांच्या खाली आणि बीपी मात्र तीच चढवतेय, अशी किडनी काढायचा विचार करतात. आकडा २५-३० असेल तर ती वाचवता येईल का, हे दुसऱ्या डॉक्टरांनाही जरूर विचारा, आणि तो दुसरा डॉक्टर लहान मुलांच्या किडनीचा असू द्या. उजवीवर व्रण नाहीत ना, हेही त्याच स्कॅनमध्ये बघायला सांगा. तिच्यावरही व्रण असतील तर डावी काढूनसुद्धा बीपी राहू शकतो.

दुसरी गोष्ट, किडनीला जाणारी रक्तवाहिनी अरुंद आहे का? डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) ते दिसतं. आपल्याकडं मुलांमध्ये याचं मोठं कारण म्हणजे ताकायासू, रक्तवाहिन्यांना सूज येणारा आजार. त्यात किडनी काढायच्या आधी वाहिनी उघडता येते का ते पाहतात: फुग्यानं रुंद करणं, ते जमलं नाही तर बायपास, किंवा किडनी सोडवून खाली ओटीपोटात नव्यानं जोडणं. सूज शांत झाल्यावरच हे सगळं बरं पडतं. दोन्ही वाहिन्या अरुंद असतील तर बीपीच्या काही गोळ्यांनी किडनीचं काम उलट घसरतं, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून गोळी बदलू नका.

एवढ्या लहान वयात हे नवं नाही. १९३४ साली अमेरिकेत गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीची वाहिनी चिमट्यानं आवळली की बीपी चढतो हे दाखवलं, आणि १९३८ साली तिथंच एका पाच वर्षांच्या मुलाची खराब किडनी काढून त्याचा बीपी उतरल्याचं छापून आलं. हे वाचून मला त्या दिवसांत फार आधार वाटला.

आमची शस्त्रक्रिया लगेच केली नाही. तीन आठवडे औषधांनी बीपी हळूहळू खाली आणला. एकदम उतरवला तर मेंदूला धोका असतो. या काळात डोळ्यांचा पडदा तपासला, हृदयाची इको केली. मग दुर्बिणीतून किडनी काढली, पाचव्या दिवशी घरी आलो. गोळ्या लगेच सुटल्या नाहीत. एकेक कमी करत पाच महिन्यांनी बंद झाल्या. तुमच्या मुलीच्या गोळ्या सुटतीलच असं मी सांगणार नाही, काहींना थोडं औषध चालू राहतं.

तो आता अकरा वर्षांचा आहे, शाळेत खो-खो खेळतो. दरवर्षी बीपी आणि लघवीतलं प्रोटीन बघतो. लोणचं, पापड ताटात जवळजवळ नसतात. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणायची नाही, भस्मं-काढे नाहीत.

खर्चासाठी रेशनकार्ड घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा फुले योजनेत बसतं का विचारा. हे भरती व्हायच्या आधी करा.

आणि ताई, निर्णय व्हायचा तेव्हा होईल, पण तोवर एकही गोळी चुकवू नका. डोकं ठणकून उलटी झाली, नजर अंधुक झाली किंवा पोरगी वेड्यासारखं बोलायला लागली, तर सकाळ व्हायची वाट बघू नका, त्याच पावली दवाखाना गाठा. आमच्या घरी त्या रात्री आधी तासभर कांदा हुंगवण्यात गेला होता.