माझी जुनी गाडी घेणाऱ्याने ती महिन्याभरात जास्त पैशांना विकली. अशा वेळी विकणाऱ्याला काय वाटतं? मी फसलो का?

नाही, फसला नाहीत. तुम्ही किंमत सांगितलीत, त्याने घासाघीस केली, एका आकड्यावर तुम्ही हो म्हणालात आणि पैसे हातात पडले. व्यवहार तिथेच संपला. पुढे त्याने ती दुप्पट भावाने विकली, पडेल भावात विकली किंवा नुसती दारात उभी ठेवली, तरी तो त्याचा प्रश्न. त्याला तोटा झाला असता तर तुम्ही फरक भरून द्यायला गेला असता का?

हे इतकं ठासून सांगतेय कारण आमच्या घरात हा वाद कित्येक वर्षं चालू आहे. माझी पहिली गाडी, माझ्या पगारातून घेतलेली, मी स्वतःच विकली. जाहिरात मी दिली, फोन मी घेतले, चालवून बघायला आलेल्यांच्या शेजारी मी बसले. शेवटी ज्याने घेतली तो म्हणाला, मुलीला नोकरीवर जायला-यायला हवी आहे. मुलगी नवीनच शिकलीय, मोठी गाडी झेपणार नाही, तुमची अगदी योग्य आहे. मी मनात धरलेल्या किमतीपेक्षा थोडं खाली आले, आनंदाने आले. काही आठवड्यांनी तीच गाडी जाहिरातीत दिसली. बंपरवर ओरखडा होता तो गेलेला, टायर नवे, आतलं सगळं धुऊन-पुसून लख्ख, इंजिनाची काही महिन्यांची जबाबदारी घेण्याचं आश्वासन, आणि किंमत मला मिळालेल्या रकमेच्या साधारण सव्वापट.

जाहिरात मला दाखवली ती भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी. तेव्हापासून घरात कोणी गाडी विकायचा विषय काढला की ‘वहिनींसारखं करू नका’ हे ठरलेलं. त्यांचं म्हणणं असं, की व्यवहार त्यांच्यावर सोपवला असता तर ती वरची रक्कम घरात आली असती.

आली नसती. ती माझ्या गाडीची किंमतच नव्हती. टायर त्याने घातले, रंगकाम त्याने करून घेतलं, पैसे त्याचे अडकले, जागा त्याची गुंतली. सुट्टीच्या दिवशी दहा लोक येऊन दरवाजे आपटून बघतात आणि ‘कळवतो’ म्हणून निघून जातात, त्यांनाही त्यानेच तोंड दिलं. यातलं काहीही मला करायचं नव्हतं. गाडी स्वच्छ मनाने द्यायची आणि सुटायचं, एवढंच मला हवं होतं आणि ते मी मिळवलं.

मी अर्थशास्त्र शिकवते. जॉर्ज अकरलॉफ यांचा जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा १९७० चा शोधनिबंध दरवर्षी वर्गात घेते. तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता, आणि २००१ मध्ये अकरलॉफ यांना जे नोबेल मिळालं त्यामागे मुख्यतः हाच निबंध होता. त्यांनी मांडलं ते असं: गाडीत काय बिघडलंय हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा चांगल्या गाडीलाही भीतभीतच पैसे देतो, आणि त्या भावात चांगल्या गाड्यांचे मालक विकायलाच तयार होत नाहीत. मधला माणूस ही भीती कमी करण्याचे पैसे घेतो. तो तपासून घेतो, डागडुजी करतो, काही महिने जबाबदारी घेतो. इंजिन बिघडलं तर रात्री फोन त्याला जाणार, मला नाही. अशी हमी मी एका अनोळखी माणसाला दिली नसती, आणि भाऊजींनीही दिली नसती, हे मी त्यांना तोंडावर विचारलंय. उत्तर आलेलं नाही.

‘थोडं थांबायला हवं होतं’ हा त्यांचा दुसरा मुद्दा. माझ्या गाडीचा आकडा एक लाख किलोमीटरच्या जरा अलीकडे होता. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जुन्या गाड्यांच्या २ कोटी २० लाखांहून जास्त घाऊक व्यवहारांची तपासणी केली होती. त्यात दिसलं, की मैलांचा आकडा १० हजारांच्या पटीतला टप्पा ओलांडतो तिथे भाव एकदम उतरतो. गाडी तीच, कालच्याइतकीच चांगली, फक्त पहिला आकडा बदललेला. मी गाडी रोज कामावर नेत होते. थांबले असते तर चालवतच थांबले असते आणि लाखाचा आकडा उलटला असता. त्याने ती उभी ठेवून विकली. त्याला ते परवडत होतं, मला नव्हतं.

आता तुम्ही विचारलंय ते, काय वाटतं. वाईट वाटतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कानमन, नेच आणि थेलर या तीन संशोधकांनी १९९० मध्ये छापलेले प्रयोग आहेत. वर्गातल्या काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले, काहींना दिले नाहीत आणि नंतर त्यांचा आपसात बाजार भरवला. ज्यांना मग मिळाले होते त्यांनी विकायला जी किंमत मागितली ती घ्यायला आलेल्यांच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट होती. ज्या वस्तूशी ओळखच नाही तिच्याबद्दल माणूस इतका धरून बसतो, तर जिच्यात बसून तुम्ही वर्षानुवर्षं घरी आलात तिच्याबद्दल काय होईल? कोणीतरी तिच्यावर जास्त किमतीची पाटी लावतो तेव्हा ‘हे मला का नाही मिळालं’ असं मनात येणारच. मला तो विचार एक संध्याकाळ पुरला.

राग वेगळ्याचाच आला, आणि तो अजून गेलेला नाही.

त्या माणसाने मुलीचं नाव सांगून किंमत उतरवली. मी सवलत दिली ती नवीन गाडी शिकलेल्या मुलीला, व्यापाऱ्याला नव्हे. ‘मी गाड्या घेतो-विकतो’ असं तो सरळ म्हणाला असता तर मी माझ्या आकड्यावर राहिले असते; घ्यायची तर घे म्हटलं असतं. कदाचित त्याने घेतलीही असती. कमी किमतीत माल मिळवणं हा धंदा आहे, हे मला मान्य आहे. पण समोरच्याच्या चांगुलपणाला हात घालून मिळवणं मान्य नाही.

आणि खरा त्रास कागदांचा झाला. त्याने गाडी स्वतःच्या नावावर करूनच घेतली नाही. माझ्या सह्यांचे कागद तसेच ठेवले आणि पुढच्या माणसाला गाठून त्यालाच दिले. म्हणजे मधल्या काळात गाडी त्याच्या ताब्यात, पैसे त्याच्या खिशात आणि नोंद माझ्या नावावर. असं करणारे पुष्कळ असतात, कारण मालकी बदलाचा एक खर्च वाचतो आणि आधीच्या मालकांच्या यादीत एक नाव कमी दिसतं. दंडाच्या नोटिसा मला यायला लागल्या. वेगमर्यादा मोडल्याची एक, चुकीच्या जागी गाडी उभी केल्याची एक, आणि ज्या भागात मी कधी पाऊल टाकलेलं नाही तिथल्या. मी त्याला फोन केला तर म्हणाला, व्यवहार होऊन गेला, आता तुमचा काय संबंध? मी सांगितलं, नफा तुमचा आहे, तो ठेवा, पण नाव माझं आहे, ते आधी काढा.

नाव निघालं, कारण गाडी देताना मी पावती लिहून घेतली होती. तारीख, वेळ, मीटरचा आकडा, त्याची सही, त्याच्या ओळखपत्राची प्रत. गाडी दिली त्या संध्याकाळी भाऊजी घरी आले होते आणि ‘एवढ्याशा व्यवहाराला कसली पावती’ असं म्हणाले होते. त्याच कागदावर सगळे दंड माझ्यावरून उतरले. उद्या त्या गाडीखाली कोणी आलं असतं तर पहिली चौकशी माझ्या दारात आली असती. वरच्या पैशांची चर्चा आमच्याकडे अजून होते, या पावतीची होत नाही, म्हणून ती इथे लिहून ठेवतेय.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या, त्या आता लिहिते. घेणाऱ्याने मेकॅनिक आणून इंजिन गेल्याचं खोटं सांगितलं आणि त्या भीतीने तुम्ही भाव उतरवला, तर मी वर म्हटलेलं ‘फसला नाहीत’ मागे घेते. ती सरळ फसवणूक आहे. आजारपणात, घाईत किंवा एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाकडून कवडीमोलाने घेतलेली गाडीही माझ्या हिशोबात बसत नाही. त्याच्या जाहिरातीत मीटरचा आकडा तुम्ही दिला तेव्हापेक्षा कमी दिसत असेल तर तुमच्याकडची सर्व्हिसिंगची बिलं नव्या मालकाला दाखवा, तो बिचारा खरा फसलेला आहे. आणि कधीकधी बाजारच चढतो, त्यात कोणाचं कौशल्य नसतं. २०२१ मध्ये चिपच्या टंचाईने नव्या गाड्या मिळेनात तेव्हा अमेरिकेत जुन्या गाड्यांचे भाव जूनपर्यंतच्या एका वर्षात ४५ टक्क्यांनी वाढले होते. त्याआधी विकून बसलेल्या कोणालाही ते आधी दिसणं शक्य नव्हतं.

त्याला फोन करावा का, हे तुम्ही स्पष्ट विचारलेलं नाही, पण मनात असणार. फरक मागायला करू नका, मिळणार नाही आणि तो तुमचा नाहीही. फोन करून एकच विचारा, गाडी आज कोणाच्या नावावर आहे. तो टाळाटाळ करायला लागला तर त्याच्याशी वाद घालत बसू नका, थेट नोंदणी कार्यालयात जा आणि गाडी विकल्याचं तारखेसह लेखी कळवून पोच घ्या.