२५ हजारात घरच्या वापरासाठी आवाज न करणारा कॉम्प्युटर कसा असेंबल करावा?

म्हणजे तुमची गरज अशी आहे की युट्यूब, नेटबँकिंग, मुलीचा अभ्यास, वडिलांचं मराठी टायपिंग, मॉनिटर कीबोर्ड घरात आहेच, मशीन हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवायचंय म्हणून घरघर नको, आणि दुकानदार म्हणतोय चार-पाच हजाराचं ग्राफिक्स कार्ड टाकून घ्या फ्युचरला बरं पडेल. तर सगळ्यात आधी, ते कार्ड घेऊ नका.

त्या भावात साधारण जीटी ७१० नाहीतर ७३० गळ्यात मारतात. दहा वर्षांपूर्वीची डिझाईन आहे ती. युट्यूबचे व्हिडिओ आता बहुतेक व्हीपी९ नाहीतर एव्ही१ फॉरमॅटमध्ये येतात आणि ही कार्डं ते दोन्ही हार्डवेअरमध्ये उलगडू शकत नाहीत, मग सगळा भार प्रोसेसरवर, प्रोसेसर तापला की पंखा बोंबलणार. उलट इंटेलच्या ८ व्या जनरेशनच्या प्रोसेसरमध्ये फुकटात येणारं ग्राफिक्स व्हीपी९ आरामात चालवतं. म्हणजे पैसे देऊन आवाज विकत घ्यायचा प्रकार झाला.

आवाज कमी करायचा म्हणजे भारी पंखा घ्यायचा असं लोकांना वाटतं पण मूळ मुद्दा वॅटचा आहे. आत जेवढे वॅट जळतील तेवढी गरम हवा बाहेर ढकलावीच लागते. म्हणून मुळात कमी जाळणारं मशीन घ्या, पंख्याचं नंतर बघू.

आणि यासाठी माझ्या मते असेंबल करूच नका. ऑफिसातून लीज संपून बाहेर आलेले मिनी पीसी मिळतात ते घ्या. लेनोवोचा थिंकसेंटर एम७२०क्यू, डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०६० मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क ८०० जी४ मिनी, या तिघांपैकी जो चांगल्या कंडिशनमध्ये मिळेल तो. जाडजूड पुस्तकाएवढा डबा असतो, मॉनिटरच्या मागेही लावता येतो. प्रोसेसर आय५-८५००टी बघा. शेवटचा तो टी महत्त्वाचा, साधा ८५०० हा ६५ वॅटचा आणि टी वाला ३५ चा, कोअर दोन्हीत सहाच. पॉवरचा अडॅप्टर लॅपटॉपसारखा बाहेर असतो त्यामुळे एसएमपीएसचा (डब्याच्या आतल्या पॉवर सप्लायचा) पंखा हा विषयच नाही, आत एकच छोटा पंखा. ब्राउझर उघडा ठेवून बसलात तर तो जवळजवळ ऐकू येत नाही, आपल्याकडे वर सीलिंग फॅन चालू असतो त्यात तर नाहीच. थंडीत रात्री फॅन बंद असताना कान दिलात तर थोडी सळसळ येते, तेवढी चालवून घ्या.

साधारण १५ हजारांच्या आसपास पडेल, रॅमचे भाव सध्या वर गेलेत त्यामुळे थोडं इकडेतिकडे धरा. त्याच दुकानात ६ व्या-७ व्या जनरेशनचे डबे बरेच स्वस्त दाखवतील आणि विंडोज ११ टाकून देतो म्हणतील. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला म्हणून ऑफिसांनी ते ढिगाने काढलेत. जुगाड करून ११ चढतं त्यांच्यावर, पण मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेल ८ व्या जनरेशनपासूनच सुरुवात आहे (७ व्या मधले मोजके अपवाद सोडून), तेव्हा ज्याच्यावर बँकेचे व्यवहार करायचेत तिथे जुगाड नको. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम वापरणार असाल तर ६ वी पण धावते, फक्त वडील श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर टाईप करत असतील तर विंडोजच लागेल हे आधी विचारून घ्या, नाहीतर घरात रोज वाद.

घेताना दुकानातच चालू करून बघा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) जाता येतंय का, जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिला असेल तर तो दुकानदारालाच काढायला लावा, घरी आणून ते काम होत नाही. वायफाय कार्ड आणि अँटेना आहे का विचारा, ऑफिसात केबलवर चालायचे म्हणून बऱ्याच डब्यांत नसतंच. मागे एचडीएमआय आहे का फक्त डिस्प्लेपोर्ट, कारण नुसता डिस्प्लेपोर्ट असला आणि तुमच्या मॉनिटरला एचडीएमआय असेल तर वेगळी केबल लागते. अडॅप्टर त्याच कंपनीचा हवा. रॅम ८ जीबीच्या दोन मिळाल्या तर १६ ची एक घेण्यापेक्षा बरं, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅममधूनच जागा आणि वेग घेतं. आत फिरणारी हार्ड डिस्क असेल तर काढून टाका, एसएसडीच (न फिरणारी डिस्क) ठेवा, डिस्कची ती बारीक गुणगुण लाकडी टेबलावर दुप्पट होते. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला चार दुकानं फिरा, पहिल्याच दुकानात पैसे देऊ नका.

आता खरं काम घरी आल्यावर. मशीन कितीही चकाचक पुसून दिलं असलं तरी आतून कोणी साफ केलेलं नसतं. एम७२०क्यूला मागे एक स्क्रू आहे, तो काढला की वरचं झाकण सरकतं. पंखा उचलला की खाली हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांच्या तोंडावर धुळीचा राखाडी नमद्यासारखा थर दिसेल, तो मऊ ब्रशने काढा, ब्लोअर मारणार असाल तर पंखा बोटाने धरून ठेवा, गरागरा फिरू देऊ नका. मग हीटसिंक काढा, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते ती पुसून नवीन पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका द्या आणि स्क्रू एकाआड एक आवळा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि आवाजात जो फरक पडतो तो यानेच पडतो, लोक उगाच मशीनला शिव्या देतात.

नवीनच असेंबल करायचा हट्ट असेल तर रायझन ५ ५६००जी घेऊन करा, पण रॅमच्या आजच्या भावात २५ च्या वर जाईल. बायोसमध्ये त्याला ४५ वॅटवर बांधता येतं, रोजच्या कामात फरक कळत नाही. कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, काचेचं आणि लाईटवालं नको, हवा आत यायला जागाच नसते त्यांना. पंखा १२० एमएमचा आणि चार पिनचा (म्हणजे त्याचा वेग कमी-जास्त करता येतो), मोठा पंखा हळू फिरून तेवढीच हवा देतो, आणि बायोसमध्ये फॅन प्रोफाईल सायलेंटवर.

ते बिनपंख्याचे एन१०० वाले डबे ऑनलाईन दिसतात, प्रोसेसर ६ वॅटचा आहे आणि तुमच्या कामाला पुरतो. पुण्या-नाशकात चालून जाईल. पण नागपूर-चंद्रपूरकडे असाल तर मे महिन्यात खोलीच चाळिशीला असते, डबा त्याच्यावर आणखी तापतो आणि मग प्रोसेसर आपोआप स्पीड कमी करतो. तिकडे पंखा असलेलाच बरा.

एक राहिलं, लाईट. स्वस्तातला यूपीएस लाईट गेली की असा टीं टीं करतो की तुमचा सगळा शांत कॉम्प्युटर वाया. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे बहुतेक मॉडेलना यूपीएस मोडचं बटण असतं ते लावून बघा, लाईट जाऊन इन्व्हर्टर सुरू होतो तेवढ्या झटक्यात मिनी पीसी बहुतेक वेळा बंद पडत नाही. पडला तरच यूपीएसचा खर्च करा, आणि घेताना बीप म्यूट होते का ते विचारून घ्या.